वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आइस्क्रीम करायला शिकवते. वर्गात ते कसं करायचं हे विचारतात आणि वर्ग सुटला की बिघडलेल्या डब्यांचे फोटो येऊ लागतात. फोटोखाली बहुतेक वेळा एकच ओळ असते: "परत बसायला किती तास लागतील?" त्यावर मला आधी उलटं विचारावं लागतं, की ते बाहेर किती वेळ होतं? फ्रीझरमधले तास आइस्क्रीम किती घट्ट होईल ते सांगतात. ते खायचं की नाही, हे बाहेरचे तास ठरवतात. खालची सगळी उत्तरं या दोन घड्याळांभोवती फिरतात.

१. वितळलेलं आइस्क्रीम परत फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालतं का?

ते थंड असतानाच हाती लागलं असेल, म्हणजे डबा हाताला गार लागतोय आणि आत अजून बर्फाळ गोळा आहे, तर चालतं. फक्त पहिल्यासारखं मऊ होणार नाही, याची तयारी ठेवा (का ते प्रश्न ६ मध्ये). पूर्ण पातळ होऊन खोलीइतकं कोमट झालं असेल, तर परत गोठवू नका. आणि ते कधीपासून बाहेर आहे हेच कुणाला माहीत नसेल, तर ते कोमट झालं होतं असंच धरून चाला.

२. परत घट्ट व्हायला नेमका किती वेळ लागतो?

फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसवर नीट चालतोय असं धरलं, तर माझ्या अनुभवातले आकडे साधारण असे आहेत. कडेने थोडं मऊ पडलेलं आइस्क्रीम १ ते ३ तासांत सावरतं. पूर्ण पातळ झालेला १०० मिलिलिटरचा कप ३ ते ४ तास घेतो. अर्धा लिटरचा डबा ६ ते ८ तास, आणि एक लिटरचा डबा म्हणजे रात्रभर. १० ते १२ तास धरा.

डबा वरून घट्ट लागला म्हणून फसू नका. गोठण्याची सुरुवात कडेकडून होते आणि मधला भाग सगळ्यात शेवटी घट्ट होतो. सुरी मध्यभागी तळापर्यंत घालून बघा. ती कुठे सहज घसरली, तर काम अजून बाकी आहे.

वेळ आइस्क्रीमच्या वजनापेक्षा जाडीवर जास्त अवलंबून असतो. तेच अर्धा लिटर मिश्रण पसरट धातूच्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर जाडीचं ओतलं, तर दोन-तीन तासांत घट्ट होतं. घाई असेल तर उंच डबा सोडा, ट्रे घ्या.

३. पाण्याचा बर्फ तीन-चार तासांत होतो. मग आइस्क्रीमला रात्र का लागते?

पहिलं कारण म्हणजे साखर. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतं, आइस्क्रीमचं मिश्रण मात्र उणे अडीच ते उणे तीन अंशांपर्यंत गोठायला सुरुवातच करत नाही. त्यातून थोडं पाणी बर्फ होऊन बाजूला झालं, की उरलेला पाक आणखी दाट होतो आणि त्याला गोठायला आणखी जास्त थंडी लागते. असं करत करत ते खाली उतरत जातं. उणे १८ अंशांवरही त्यातलं सगळं पाणी गोठलेलं नसतं, साधारण तीन चतुर्थांशाच्या वर गोठलेलं असतं. उरलेला दाट पाक मध्ये असतो, म्हणून तर चमचा आत जातो.

दुसरं कारण जाडीचं. बर्फाच्या साच्यातलं घर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं असतं, डबा दहा सेंटिमीटरचा. शिवाय फ्रीझरमधली हवा उष्णता फार सावकाश ओढते. एक किलो पाण्याचा बर्फ करायला जितकी उष्णता काढून घ्यावी लागते, तितक्या उष्णतेत तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापवता येईल. एवढी उष्णता पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यातून, संथ हवेत बाहेर पडायची म्हणजे वेळ लागणारच.

४. बाहेर किती वेळ राहिलं तर टाकून द्यायचं?

दुधाच्या कुठल्याही नाशवंत पदार्थाला जो नियम, तोच इथे: खोलीच्या तापमानात जास्तीत जास्त दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. उबदार हवेत त्यातल्या काहींची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते, आणि दूध, साखर, पाणी असं सगळं त्यांना आयतं मिळालेलं असतं.

"पण पहिला तासभर तर ते गारच असतं ना?" असं बरेच जण विचारतात. मुद्दा बरोबर आहे. आत बर्फ शिल्लक असेपर्यंत मधला भाग शून्याच्या खालीच राहतो. पण कडेला झिरपलेला, तळाशी साचलेला पातळ भाग लवकर गरम होतो, आणि ढवळलं की तोच सगळीकडे पसरतो. म्हणून मी मध्यभागाकडे बघत नाही, सगळ्यात गरम भागाकडे बघते. स्वयंपाकघरातला थर्मामीटर असेल तर तो कडेच्या पातळ भागात बुडवा. ५ अंशांच्या आत असेल तर वाचवा.

वास आणि चव यांच्यावर मात्र भरवसा ठेवू नका. आजारी पाडणारे बरेच जंतू वास बदलत नाहीत, आणि व्हॅनिला-चॉकलेटखाली थोडा बदललेला वास तसाही लपतो.

५. गोठवल्यावर जंतू मरतात ना? नाहीतर उकळून घेतलं तर?

गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ थांबते. आइस्क्रीम परत वितळलं की वाढ जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू होते. म्हणून चार वेळा अर्धा-अर्धा तास बाहेर राहिलेला डबा माझ्या हिशेबात दोन तास बाहेर राहिलेला असतो.

उकळण्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी वाढताना सोडलेलं विष तसंच राहतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यातला नेहमीचा. तो आपल्या हातांवर, नाकात असतो, चमच्यावरून डब्यात जातो आणि त्याचं विष उकळूनही जात नाही. त्यामुळे रात्रभर ओट्यावर राहिलेलं आइस्क्रीम उकळून वाचवायचा खटाटोप करू नका.

लिस्टेरिया या जंतूची गोष्ट वेगळी. तो फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि गोठवल्यावर तग धरतो. २०१४-१५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एकाच रुग्णालयातल्या ५ रुग्णांना लिस्टेरियाची लागण झाली आणि त्यातले ३ दगावले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिथे आइस्क्रीमचे मिल्कशेक घेतले होते. ते आइस्क्रीम कारखान्यातच दूषित झालं होतं, वितळून नव्हे. तरी दोन गोष्टी त्यातून कळतात: गोठलेलं म्हणजे निर्जंतुक नव्हे, आणि मिल्कशेकमध्ये काहीच तापत नसल्याने तिथेही जंतू मरत नाहीत.

६. परत गोठवलेलं आइस्क्रीम कचकचीत आणि दगडासारखं का होतं?

हा माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न, कारण आइस्क्रीम म्हणजे नेमकं काय हेच यातून उलगडतं.

आइस्क्रीम म्हणजे नुसतं गोठलेलं दूध नव्हे. बर्फाचे बारीक स्फटिक, हवेचे बुडबुडे, स्निग्धांशाचे कण आणि त्यांना धरून ठेवणारा न गोठलेला पाक, असा तो मेळ असतो. कारखान्यातलं यंत्र हे मिश्रण अतिथंड नळकांड्यातून नेतं. भिंतीवर बर्फाचा पापुद्रा धरला रे धरला की फिरतं पातं तो खरवडून काढतं आणि सोबत हवा मिसळत राहतं. साधारण उणे पाच-सहा अंशांवर ते मऊ लोण्यासारखं बाहेर पडतं आणि मग उणे ३० अंशांच्या किंवा त्याहूनही थंड खोलीत चटकन कडक केलं जातं. त्यामुळे बर्फाचे स्फटिक साधारण २० ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) एवढेच राहतात. साधारण पन्नासच्या पुढे गेले, की जिभेला कण जाणवू लागतात.

वितळताना हे सारं उलगडतं. स्फटिक पाणी होतात, बुडबुडे फुटतात. मग तुम्ही डबा फ्रीझरमध्ये ठेवता, तिथे ना पातं ना ढवळणं. पाणी सावकाश गोठतं आणि सावकाश गोठणाऱ्या पाण्याचे स्फटिक मोठे होतात. हवा गेलेली असल्याने ते सगळं एकमेकांना चिकटून घट्ट वडी होते.

वर्गात मी हे दाखवते. व्हॅनिला आइस्क्रीमचा काचेचा ग्लास फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर वितळू देते आणि सकाळी फ्रीझरमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी ग्लास उजेडात धरला की तीन थर दिसतात. वर पांढरा, फेसासारखा हलका थर. मध्ये पिवळसर घट्ट भाग. आणि तळाशी जवळपास पारदर्शक, सुयांसारख्या रेघांचा बर्फ, त्यात व्हॅनिलाचे काळे दाणे बसलेले. चमचा वरच्या थरात सहज जातो, मध्ये अडतो आणि तळाशी करकर वाजतो. एकाच ग्लासात तीन चवी लागतात, तळाचा बर्फ फिका आणि वरचा भाग तुपकट. मुलं पुन्हा पुन्हा चमचा घालून तो आवाज ऐकतात.

७. डबा भरलेला होता, परत गोठवल्यावर पाऊणच दिसतोय. आइस्क्रीम गेलं कुठे?

हवा गेली. आइस्क्रीम फेटताना त्याचं आकारमान वाढतं, काही प्रकारांत तर दुप्पट होतं, म्हणजे अर्धा डबा हवाच. घट्ट, महागातल्या प्रकारांत हवा कमी असते. म्हणून वितळल्यावर कोण किती खाली बसतं यावरून आत हवा किती होती ते कळतं. वजन करून बघा, ते तेवढंच भरेल.

८. ते परत पहिल्यासारखं मऊ करता येईल का?

येईल, पण नुसतं फ्रीझरमध्ये ठेवून नाही. पुन्हा घुसळावं लागेल.

घरी आइस्क्रीमचं यंत्र असेल तर सोपं आहे. वितळलेलं मिश्रण फ्रीजमध्ये अगदी गार करून घ्या, रवीने एकजीव करा आणि ताजं मिश्रण असल्यासारखं यंत्रात घाला. पोत बऱ्यापैकी परत येतो. तंतोतंत तसा येत नाही, कारण घरच्या यंत्राची थंडी आणि वेग कारखान्याइतके नसतात.

यंत्र नसेल तर पसरट भांड्यात ओता, झाकून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बाहेर काढून काट्याने कडेचा बर्फ मध्ये ओढत जोरात फेटा. चार-पाच वेळा करा. पहिल्या दोन वेळा काही होतच नाही असं वाटतं आणि तिथेच बरेच जण सोडून देतात. तिसऱ्या वेळी मिश्रण साखर विरलेल्या बर्फाच्या चुऱ्यासारखं होतं. खरी मेहनत तिथून पुढे लागते. तेव्हा हॅंड ब्लेंडर मिनिटभर फिरवला तर फरक कळतो.

आणखी एक सोपी रीत आहे. आधीच दगड झालं असेल तर सुरीने तुकडे करा, मिक्सरमध्ये थोड्या सायीबरोबर झटकन फिरवा आणि लगेच खा. परत ठेवून दिलंत तर पुन्हा दगड होईल.

९. रात्रभर थांबायचं नाही. पटकन गोठवायचा काही उपाय?

बर्फ आणि मीठ. मीठ बर्फाला शून्याच्या खाली वितळायला लावतं आणि वितळताना बर्फ आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. योग्य प्रमाणात हे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. घरी तितकं जमत नाही, पण उणे दहाच्या आसपास सहज जातं. शिवाय फ्रीझरमधल्या हवेपेक्षा खारं गार पाणी कितीतरी वेगाने थंड करतं.

कपभर मिश्रण झिप लागणाऱ्या पिशवीत घाला, हवा काढून घट्ट बंद करा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घाला. मोठ्या पिशवीत किलोभर फोडलेला बर्फ आणि त्याच्या पाव ते तृतीयांश वजनाचं जाडं मीठ घ्या. आतली पिशवी त्यात ठेवून, हात टॉवेलमध्ये गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं हलवत राहा. टॉवेल विसरू नका, नुसत्या हाताला हे मिश्रण भाजल्यासारखं लागतं. हलवण्याने घुसळणंही होतं, त्यामुळे कप छान मऊ निघतो. पिशवी उघडण्याआधी बाहेरचं मिठाचं पाणी धुऊन टाका.

नॅन्सी जॉन्सन यांनी १८४३ साली अमेरिकेत हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या भांड्याचं पेटंट घेतलं. त्यातही बाहेर बर्फ-मीठ आणि आत फिरतं पातं, हीच जोडी होती.

१०. वितळलेलं नाही, नुसतं मऊ झालंय. तेही परत ठेवू नये का?

खुशाल ठेवा. चमच्याने काढताना आइस्क्रीम तसंही उणे बारा-चौदा अंशांवर येतंच. पोताला थोडा धक्का बसतो, कारण दर वेळी मऊ होताना बारीक स्फटिक वितळतात आणि परत गोठताना ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं. म्हणून दहा वेळा बाहेर आलेला डबा शेवटी शेवटी रवाळ लागतो. डबा टेबलावर ठेवून जेवण उरकण्याऐवजी हवं तेवढं वाटीत काढा आणि डबा लगेच आत ठेवा.

परत ठेवताना पृष्ठभागावर प्लास्टिकचा कागद किंवा बटर पेपर चिकटवा, म्हणजे वर बर्फाचा भुसा धरत नाही.

११. दोन तास बाहेर आहे तरी आकार तसाच आहे, वाहत नाही. म्हणजे वितळलेलं नाही ना?

इथे खूप जण फसतात. आकार टिकणं आणि गोठलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बुडबुड्यांभोवती स्निग्धांशाचे कण एकमेकांना चिकटून जाळं तयार करतात आणि ग्वार गम, कॅराजीनन यांसारखे घटक पाण्याला दाटपणा देतात. सगळा बर्फ वितळला तरी तो फेस फेटलेल्या सायीसारखा उभा राहू शकतो.

यात भेसळ आहे असंही कुणी समजू नये. चांगल्या दुधाच्या आइस्क्रीममध्येही हे होतं. तपासायला मध्यभागी थर्मामीटर घाला, तो नसेल तर चमचा खुपसून बघा. बर्फाळ अडथळा न लागता आत गेला, तर ते वितळलेलंच आहे, मग वेळ प्रश्न ४ प्रमाणे मोजा.

१२. वीज गेली होती. फ्रीझरमधलं आइस्क्रीम ठेवू की टाकू?

दार उघडलं नसेल तर पूर्ण भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास इतर पदार्थांपुरती थंडी धरतो. हे आकडे स्वतंत्र, चांगल्या बंद होणाऱ्या फ्रीझरचे आहेत. फ्रीजमधल्या छोट्या बर्फाच्या कप्प्याकडून एवढी अपेक्षा ठेवू नका. आइस्क्रीम तर त्यात सगळ्यात आधी मऊ पडतं.

वाटीतल्या बर्फावर नाणं ठेवून ते बुडलंय का बघायची युक्ती बऱ्याच जणांना माहीत असते. मांस, भाज्या यांच्यासाठी ती उपयोगी आहे. आइस्क्रीमसाठी अपुरी पडते, कारण पाण्याचा बर्फ शून्य अंशापर्यंत कडक राहतो आणि आइस्क्रीम त्याच्या बरंच आधी सैल होऊन त्याचे स्फटिक वाढलेले असतात. नाणं वरच असलं तर आइस्क्रीम बहुधा सुरक्षित आहे, पण पोत गेलेला असू शकतो.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला याहून कडक आहे: इतर काही पदार्थ बर्फाचे कण शिल्लक असतील तर परत गोठवा म्हणतात, पण आइस्क्रीम अर्धवट वितळलं तरी टाका म्हणतात. वीज किती वेळ गेली होती हे माहीत नसेल, किंवा घरात प्रश्न १८ मधलं कुणी असेल, तर मीही तेच सांगेन.

१३. चुकून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवलं आणि सकाळी सगळं पातळ झालं होतं.

वितळण्याचा हा सगळ्यात निर्धोक प्रकार. फ्रीज ४ अंशांच्या आसपास असेल तर ते मिश्रण म्हणजे गोड दूध-सायच आहे असं समजा. त्याच दिवशी प्रश्न ८ प्रमाणे घुसळून गोठवा किंवा प्रश्न २० प्रमाणे वापरून टाका. दोन-चार दिवस ठेवून मग गोठवायचा बेत करू नका.

१४. दुकानातून आणलेला डबा आधीच एकदा वितळून गोठलेला असेल, तर कसं ओळखायचं?

झाकण उघडायच्या आधी: झाकणाच्या कडेला वाळलेला चिकट ओघळ, पुठ्ठा फुगलेला किंवा मऊ पडून पुन्हा ताठ झालेला, डबा एका बाजूला जड. उघडल्यावर: आइस्क्रीम एका बाजूला कललेल्या पातळीत गोठलेलं, कडेपासून सुटून खाली बसलेलं, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, सुकामेवा किंवा चॉकलेटचे तुकडे सगळे तळाशी. कललेली पातळी मी सगळ्यात पक्की खूण मानते, कारण घट्ट आइस्क्रीम कलत नाही.

वरचा थोडा बर्फाचा भुसा एवढ्यानेच काही सिद्ध होत नाही. आणि डबा उंच घाटातून आला असेल तर हवेचा दाब बदलल्यानेही झाकण फुगतं, आतलं आइस्क्रीम आकसतं. ते न वितळताही होऊ शकतं.

१५. कोन, कांडीवरची कँडी किंवा आइस्क्रीम केक वितळला तर?

कोनाची आशा सोडा, एकदा भिजलेला वेफर परत कुरकुरीत होत नाही. चॉकलेटचं आवरण असलेली कँडी मऊ पडली तर आत ढकलून दोन-तीन तास सपाट ठेवा, उभी ठेवली तर कांडी निसटते. नुसत्या पाण्या-साखरेची किंवा फळांच्या रसाची कँडी असेल तर वितळलेलं साच्यात ओतून चार-सहा तासांत परत मिळते. तिच्यात हवा आणि स्निग्धांश नसल्याने गमवायलाही फारसं काही नसतं. केकचे थर एकमेकांत उतरले असतील तर तो परत गोठवून सुरी चालणार नाही इतका टणक होतो. वाट्यांमध्ये काढून लगेच खाणं बरं.

१६. सॉर्बे (फळांचा रस आणि साखर गोठवून केलेलं, बिनदुधाचं), शुगर-फ्री, नारळाच्या दुधाचं, मद्य घातलेलं... सगळ्यांना हाच नियम?

बाहेरच्या वेळेचा नियम दूध, अंडं, नारळाचं किंवा सुकामेव्याचं दूध असलेल्या सगळ्यांना सारखाच. दूध नाही म्हणून ते टिकतं असं नाही. आंबट फळांच्या सॉर्बेत जंतू सावकाश वाढतात, तरी कोमट झालेलं मी परत ठेवत नाही.

गोठण्याच्या वेळेत मात्र फरक पडतो. सॉर्बे परत गोठवायला सगळ्यात सोपं: तुकडे करून मिक्सरमध्ये फिरवलं की जवळपास पूर्ववत होतं. मद्य घातलेलं घरच्या फ्रीझरमध्ये कधीच कडक होत नाही. रात्रभरानंतरही सैल असेल तर फ्रीझरला दोष देऊ नका. नारळाच्या दुधाचा स्निग्धांश थंडीत पटकन टणक होतो आणि वितळल्यावर वर गोळा होतो, म्हणून गोठवण्याआधी किंचित कोमट करून ब्लेंडरने एकजीव करा आणि लगेच गार करा.

१७. घरी अंडं घालून केलेलं होतं. त्याचं काय?

अंड्याचं मिश्रण करताना ७१ अंशांपर्यंत शिजवलं असेल तर इतर आइस्क्रीमसारखंच धरा. कच्चं अंडं घातलेलं असेल आणि ते पातळ झालं असेल, तर मी ते परत गोठवणार नाही, बाहेर तासच झाला असला तरी. कच्च्या अंड्यात असू शकणारा साल्मोनेला हा जंतू गोठवल्याने जात नाही.

१८. लहान मुलं, गरोदर बाई, वयस्कर माणसं यांना परत गोठवलेलं द्यावं का?

नुसतं मऊ पडून सावरलेलं द्या. पूर्ण वितळून गोठवलेलं देऊ नका, फ्रीजमध्ये वितळलं असलं तरी. लिस्टेरिया गरोदरपणात पोटातल्या बाळापर्यंत पोचू शकतो, आणि वयस्कर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाला जिवावर बेतू शकतं. एका डब्यासाठी हा हिशेब मांडायचाच नाही.

१९. इतकं सांभाळूनही माझ्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीम कधीच नीट घट्ट होत नाही.

फ्रीझरवरचे तारे बघा. एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. चौथा तारा असेल तर तो फ्रीझर ताजे पदार्थ गोठवण्याइतका ताकदवान आहे. एक-दोन ताऱ्यांच्या कप्प्यात पूर्ण वितळलेलं आइस्क्रीम नीट बसणारच नाही.

तारे पुरेसे असूनही चमचा लोण्यात गेल्यासारखा जात असेल, तर फ्रीझर उणे १५ पेक्षा गरम आहे असं समजा. दाराचं रबर तपासा, हवेची वाट अडवणाऱ्या वस्तू काढा, आणि डबा दारातल्या खणात न ठेवता आत, मागच्या भिंतीपाशी ठेवा. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये हीटर अधूनमधून चालू होतो आणि आइस्क्रीमला त्याचाही थोडा त्रास होतो. वितळलेलं गोठवायला ठेवताना सोबत भरपूर नवे, गरम पदार्थ ठेवलेत तर प्रश्न २ मधले तास दीडपट धरा.

२०. परत गोठवायचं नाही आणि टाकवतही नाही. दुसरं काय करू?

प्रश्न ४ च्या मर्यादेत असेल तर वितळलेलं आइस्क्रीम हे तयार दूध, साखर, साय आहे. गार दुधाबरोबर फिरवून मिल्कशेक करा, गरम कॉफीत दूध-साखरेऐवजी घाला, फळांवर ओता.

माझ्या घरी त्याचा पाव होतो. दोन कप वितळलेलं आइस्क्रीम, बेकिंग पावडर मिसळलेला दीड कप मैदा, बस, एवढंच. पीठ भिजेपर्यंतच हलवा, जास्त घोटलं तर चिवट होतं. लांबट भांड्यात ओतून १७५ अंशांवर साधारण ४० ते ४५ मिनिटं भाजा आणि मध्ये काडी घालून बघा. भरपूर साय असलेलं आइस्क्रीम घ्या. हलक्या, कमी स्निग्धांशाच्या प्रकाराचा पाव कोरडा होतो, आणि शुगर-फ्रीचा फिका राहतो, वरून नीट रंगही धरत नाही.